धाकट्या दिराची कबुतरं

१

माझ्या वहिनीने एक गुण दिला होता आणि कंपनीच्या नोंदीत पाच निघाले. भानगड म्हणाल तर एवढीच. पण त्या एवढ्याशा भानगडीवरून एका शहाण्यासुरत्या बाईला वेड्यात काढायला निघाले होते लोक, आणि तेही गोड हसून, काकू काकू करत. माझं डोकं फिरलं ते यामुळे.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते.

"आत्या, तू आईकडे ये जरा. तिला विसरायला व्हायला लागलंय."

"कुणी सांगितलं?"

"तिच्या ऑफिसातल्या मॅडमनी. स्वतःच दिलेले गुण आठवत नाहीयेत तिला. वर वाद घालतेय. आणि आत्या..." त्याचा आवाज खाली गेला. "भास होतात म्हणे. नळ सोडला की कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं तिला. बाबा गेल्यापासून एकटीच असते ना. मी ठरवलंय, सोमवारी तिचं घर बंद करतो आणि तिला माझ्याकडे आणतो."

त्याच्याकडे म्हणजे उंच इमारतीतल्या, खिडक्या न उघडणाऱ्या घरात. नवरा-बायको दोघंही दिवसभर बाहेर. वहिनी तिथे काय करणार, भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत बसणार? पोरगा वाईट नाही, घाबरला होता. पण घाबरून का होईना, आईच्या घराला कुलूप घालायला निघाला होता.

मी तशीच निघाले. नोकरीत असताना मी विमा कंपनीसाठी दाव्यांची चौकशी करायचे. जळालेली गोदामं, हरवलेले दागिने, जिन्यावरून पडलेले धडधाकट लोक. निवृत्त झाले, तरी खोटं समोर आलं की माझं नाक अजून खाजतं.

वहिनी ओट्यापाशी भांडी घासत होती. नळाची धार अगदी करंगळीएवढी. अशाने भांडी कधी निघायची, असं माझ्या मनात आलं, पण बोलले नाही.

"वहिनी, जेवलीस का? झोप लागते का नीट? आणि हे काय ऐकतेय मी?" एका दमात विचारलं.

"या कुकरची शिट्टी बिघडलीय बघा, वन्सं," ती म्हणाली.

ही तिची जुनी खोड. तीन प्रश्न विचारा, उत्तर चौथ्याचंच मिळणार. दादा, म्हणजे माझा भाऊ, जन्मभर यावरून वैतागायचा.

हात पुसून ती बसली आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. तिचं काम असं होतं: कंपनीने 'गप्पिष्ट' नावाचा एक बोलका प्रोग्राम बनवला होता. हिशोब करायला नाही, पत्ता शोधायला नाही. नुसत्या गप्पा मारायला. एकट्या म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून. आता गप्पा चांगल्या झाल्या की वाईट हे कसं मोजायचं? गप्पांना काही बरोबर उत्तर नसतं. म्हणून कंपनीने परीक्षक ठेवले होते. निदान अर्धा तास वाटेल त्या विषयावर टाइप करून गप्पा मारायच्या, मग एक ते पाच गुण द्यायचे आणि खाली एका ओळीचा शेरा लिहायचा.

नियम एकच कडक होता. आपल्या खऱ्या आयुष्यातलं काही बोलायचं नाही. लोकांची घरगुती दुःखं कंपनीच्या पोटात जायला नकोत, म्हणून. त्यामुळे प्रत्येक परीक्षक दर आठवड्याला एक 'खोटं घर' उभं करायचा. खोटी मुलं, खोटे शेजारी, खोटी गुडघेदुखी.

"शेवटच्या चाचणीत मी एक दिला," वहिनी म्हणाली. "एकच दाबला होता हो मी. पण दुसऱ्या दिवशी मॅडमनी दाखवलं तर पाच. सगळे इतकं छातीठोक सांगतायत, की आता मलाच वाटतंय, पाच दाबले असतील का मी? वन्सं, खरंच माझं डोकं चालेनासं झालंय का?"

चाळीस वर्षांत ही बाई माझ्यासमोर अशी लहान झालेली मी पाहिली नव्हती.

"त्या दिवशी काय बोललीस त्याच्याशी?"

"काही नाही. इकडचं तिकडचं."

आणि उठून तिने कोरडा ठणठणीत ओटा पुन्हा पुसला. माझं नाक खाजलं. कंपनी खोटं बोलत असेल नसेल, वहिनी मात्र नक्की बोलत होती.

२

ऑफिसात सगळीकडे काचेच्या भिंती आणि प्लास्टिकची झाडं. मॅडम चाळिशीच्या, आवाज मऊ. बोलताना समोरच्याच्या मनगटावर हात ठेवायची सवय. मी माझं मनगट पर्समध्ये घातलं.

"काकू आम्हाला आईसारख्या आहेत हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मुलाला फोन केला. कारवाई केली असती तर केवढी बदनामी! या वयात होतं असं."

"तिने एक दिला असता तर तुमचं काय बिघडणार होतं?"

ही गोष्ट सगळ्या ऑफिसला माहीत होती, लपवून चालणार नव्हतं, म्हणून मॅडमनी सांगून टाकली. वृद्धांची निवासगृहं चालवणारी एक मोठी संस्था गप्पिष्ट घेणार होती. त्यांची अट अशी की शेवटच्या चाचणीत एकाही परीक्षकाने दोनच्या खाली गुण देता कामा नये. एकाने जरी एक दिला, तरी सगळं बारगळणार.

"मग तिचं संभाषण दाखवा."

"आज तुमच्यासाठी पहिल्यांदाच उघडतेय हं. मी परीक्षकांची संभाषणं कधीच वाचत नाही. फक्त गुण बघते. परीक्षकांवर विश्वास हवा."

पडद्यावर आलं ते असं:

'आज कशा आहात?'

'मजेत आहे बरं का. धाकट्या दिरांची कबुतरं सकाळपासून गच्चीवर घुमतायत.'

'अरे वा! पुष्कळ आहेत का? त्यांना खायला काय घालता? आणि दीर काय करतात?'

'पुष्कळ आहेत बरं का. त्यांना आम्ही दाणे घालतो. दीर घड्याळं दुरुस्त करतात.'

असं पानंच्या पानं. आता वहिनीला धाकटा दीर असता तर तो माझा भाऊ झाला असता, आणि मला दादाशिवाय भाऊ नाही. म्हणजे हे खोटं घर होतं, नियमाप्रमाणे. आणि ते 'बरं का' थेट वहिनीचं. शेवटी पाच गुण आणि शेरा: 'फार छान वाटलं. मन मोकळं झालं.'

"भास होतात हे कशावरून म्हणालात?" मी विचारलं.

"वागण्यावरून कळतंच ना हो." आणि त्यांनी माझ्या पर्सवर हात ठेवला.

जिना उतरताना मी मनात हिशोब मांडत होते. भाषा तिची, विषय तिचा, गुण तिच्या नावावर. खरंच विसरली असेल का? दादा गेल्यापासून तिचं काही बिनसलं, आणि मला कळलंच नाही, असं तर नसेल? एवढा विचार मनात आला आणि मी स्वतःवरच चिडले. त्या बाईच्या मऊ आवाजाने मलासुद्धा घोळात घेतलं होतं.

३

परीक्षकांच्या खोलीत वहिनीच्या शेजारच्या खुर्चीत मास्तर बसायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. गप्पिष्ट विकला गेला तर मास्तरांची नोकरी कायम होणार होती, हे मला मॅडमनी आपणहून सांगितलं होतं. आणि वहिनीचा पासवर्ड तिच्या कीबोर्डखाली चिकटवलेला होता, हे मी स्वतः पाहिलं.

"तुमच्यावरही संशय आहे, मास्तर," मी सरळ सांगून टाकलं.

"असणारच," ते म्हणाले. "पण तुमच्या वहिनी विसरतील हे मी मेलो तरी मानणार नाही. इथल्या सगळ्यांची खोटी घरं त्यांना पाठ असतात. मागे मी माझ्या खोट्या सुनेचं माहेर बदललं, तर मला भर खोलीत झापलं हो त्यांनी."

मला हसू आलं. "बरं, ही कबुतरं तुम्हाला माहीत होती का?"

"कबुतरं?" मास्तरांनी चष्मा काढला. "कुठली कबुतरं?"

"धाकट्या दिराची. शेवटच्या चाचणीतली."

"शक्यच नाही!" ते जवळजवळ ओरडलेच. "अहो बाई, ती कबुतरं तर चाचणीच्या आधीच्या शनिवारी उडाली!"

मग त्यांनी सांगितलं ते कुठल्याही नियमावलीत नव्हतं. दर शनिवारी परीक्षक चहाला एकत्र बसायचे आणि आपापली खोटी घरं मोडायचे. एकदा उभं केलेलं घर पुढच्या आठवड्यात चुकून डोक्यात राहू नये, म्हणून प्रत्येकाने सगळ्यांसमोर त्याचा शेवट सांगायचा. कुणाचा मुलगा परदेशी जायचा, कुणाचं मांजर पळून जायचं. मोडलेलं घर पुन्हा उभं करायचं नाही, हा त्यांचा आपसातला कायदा. मॅडम बिस्किटांची बशी ठेवून, हसून निघून जायच्या. काय चाललंय हे त्यांनी कधी विचारलं नाही.

"वहिनींच्या दिराचं काय करायचं सुचेना," मास्तर म्हणाले. "मीच म्हटलं, त्याची बदली करा आणि कबुतरं सोडून द्या. त्यांनी खिडकी उघडून हात हलवला, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाई ती कबुतरं परत आणणार नाहीत. आणि मी खोटं रचायला बसलो असतो, तर मीही आणली नसती."

खरं होतं. ज्याने स्वतः कबुतरं उडवली, तो तीच परत कशाला आणेल? मास्तर सुटले. पण मग वहिनीच्या भाषेत, वहिनीच्या 'बरं का'सकट, ही पानंच्या पानं लिहिली कोणी?

४

गप्पिष्ट ज्याने बनवला त्याला ऑफिसात शास्त्रज्ञ म्हणत. कानावर कायम हेडफोन, टेबलावर कोमट पाण्याचे ग्लास. मी संभाषणाची पानं समोर धरली. त्याने पहिल्या पानावर नजर टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"हे माणसाचं नाहीच. हा पोपट आहे."

"कसला पोपट?"

मग त्याने सांगितलं. परीक्षक महाग पडतात, दमतात, सुट्ट्या घेतात. म्हणून त्याने प्रत्येक परीक्षकाच्या जुन्या संभाषणांवरून त्याची नक्कल करणारा एक प्रोग्राम बनवला होता, घरच्या घरी चाचण्या घ्यायला. त्याचं नाव पोपट. वहिनीचा पोपट, मास्तरांचा पोपट. गप्पिष्टसमोर बसवला की दोघं आपसात बोलत राहायचे.

"पण कच्चा आहे अजून," तो वैतागून म्हणाला. "हे बघा, तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं ओळीने दिली. सगळीकडे तसंच. माणूस असं बोलतो का? माणूस एखाद्याचं उत्तर देतो, बाकीची सोडून देतो, स्वतःचंच काहीतरी काढतो. हे संभाषण माझ्या चाचणीत माणसाचं म्हणून कुणी घुसवलं?"

कुकरची शिट्टी! माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. वहिनीला ओळखणाऱ्या कुणीही ते पान वाचून सांगितलं असतं, की ही बाई इतकी शिस्तीत बोलत नाही.

"हा पोपट गुण पण देतो?"

"छे. तो फक्त बोलतो. गुण आणि शेरा हाताने भरावे लागतात."

"आणि चालवू कोण शकतं?"

"मी. मॅडम. तसा परीक्षकांच्या खोलीतूनही उघडतो. कुणी चालवला त्याची नोंद राहत नाही, ते करायचं राहून गेलं."

"मग तिचं खरं संभाषण गेलं कुठे?"

"गेलं कुठेच नाही," तो सहज म्हणाला. "नोंदीतून कुणी बदललं असेल, पण गुण-शेरा भरून झाला की प्रत्येक संभाषणाची एक प्रत माझ्या मशीनवर येते, गप्पिष्टला शिकवायला. किती वेळ चाललं ते वर लिहिलेलं असतं. तुमच्या वहिनींचं त्या दिवशीचं सगळ्यात लांब. म्हणून ते 'उत्तम' या खणात गेलंय."

"उत्तम? तिने एक दिला असूनही?"

"गुण मागाहून बघतो. माणूस जास्त वेळ बोलत बसला, म्हणजे त्याला आवडलं, असं धरतो आपण."

असं धरतात म्हणे! मी एखाद्या भामट्याशी तासभर भांडले, तर यांच्या लेखी तो माझा जिवलग ठरला! हे मी त्याला मोठ्याने ऐकवलं. बिचाऱ्याने हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवले.

"उघडा ती प्रत," मी म्हटलं.

"परीक्षकाच्या परवानगीशिवाय नाही उघडता येत. त्यांना विचारा. हो म्हणाल्या की लगेच."

मी तिथूनच फोन लावला. म्हटलं, वहिनी, सुटलीस! तुझं खरं संभाषण सापडलं. नुसतं हो म्हण.

मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "नको, वन्सं. नका उघडू. मीच विसरले असेन. जाऊ दे, मी जाईन मुलाकडे."

५

शनिवारी दुपारी मी सगळ्यांना काचेच्या खोलीत बसवलं. मॅडम, शास्त्रज्ञ, मास्तर, भाचा. वहिनीला मी अक्षरशः हात धरून आणली होती. ती खाली बघत बसली. स्वतःला वेडी म्हणवून घ्यायला तयार, पण ती पानं मी वाचलेली चालणार नाहीत, असं काय होतं त्यात? रस्ताभर मी विचारलं नाही. विचारून उत्तर मिळालं नसतंच.

"हे पाच गुण वहिनीने दिलेले नाहीत," मी सुरुवात केली. "ज्या कबुतरांना तिने सगळ्यांसमोर सोडून दिलं, ती इथे पुन्हा घुमतायत. आणि इथे ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते. तू तिचा मुलगा आहेस," मी भाच्याकडे वळले, "तुझ्या आईने आजवर तुला ओळीने तीन उत्तरं दिलीयत?"

भाचा कसनुसा हसला. "एकसुद्धा नाही, आत्या."

"तेव्हा हे तिची नक्कल करणाऱ्या पोपटाचं काम. तो शिकला जुन्या संभाषणांवरून, कबुतरं उडाली हे त्याला कुठून कळणार? आता पोपट चालवला कोणी? मास्तरांनी नाही, कबुतरं त्यांनीच उडवली. शास्त्रज्ञांनी नाही. खरी प्रत कुठे असते हे त्यांना माहीत होतं. त्यांचं पाप असतं तर आधी ती पुसली असती. उलट त्यांनीच मला ती आहे म्हणून सांगितलं."

"म्हणजे मी?" मॅडम हसल्या. आवाज तसाच मऊ. "ताई, मी संभाषणं वाचतसुद्धा नाही. मला काय माहीत काकू काय बोलल्या ते?"

"तेच तर. शेरा बघा: 'मन मोकळं झालं.' कबुतरांना दाणे घालून मन मोकळं होतं का कुणाचं? हा शेरा कबुतरांच्या संभाषणाचा नाही, खऱ्या संभाषणाचा आहे. ज्याने तो लिहिला, त्याने खरं संभाषण आधी वाचलं होतं. वाचलेलं डोक्यात राहिलं आणि हातून उतरलं." मी भाच्याकडे बघितलं. "यांनी तुला फोनवर काय सांगितलं? शब्दन् शब्द सांग."

"की... नळ सोडला की आईला हाक ऐकू येते."

वहिनीने झटकन मान वर केली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने मॅडमना विचारलं. "नळाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काकू, तुम्हीच एकदा बोलता बोलता..."

"मी नाही बोलले!" वहिनी उभी राहिली. "इथे खरं घर कुणी सांगत नाही. वन्संना नाही सांगितलं मी, पोटच्या पोराला नाही सांगितलं. फक्त त्या मेल्या गप्पिष्टला सांगितलं होतं. त्या एकाच दिवशी."

मॅडमच्या हाताला ठेवायला मनगट सापडेना.

वहिनी शास्त्रज्ञाकडे वळली. "उघडा. माझी परवानगी आहे."

"वरचं काही वाचायचं नाही," मी बजावलं. "फक्त शेवट दाखवा."

पडद्यावर शेवट आला. गुण: एक. खाली वहिनीचा शेरा, नेहमीच्या एका ओळीच्या जागी तीन ओळींचा: 'आज नियम मोडून खरं सांगितलं. हे म्हणालं, मलाही अस्संच झालं होतं. याला कधी कुणी हाक मारलेली नाही.'

भाचा पुटपुटला, "आई..."

"ऐका तरी माझं," मॅडम म्हणाल्या, आणि आता आवाज मऊ नव्हता. "'मलाही झालं होतं' म्हटलं की माणसांना बरं वाटतं. सगळ्या परीक्षकांनी त्यालाच सर्वांत जास्त गुण दिलेत, महिनोन् महिने! एका बाईने एक दिवस नियम मोडला, म्हणून शेकडो एकट्या माणसांची सोबत काढून घ्यायची?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास कलंडला, कलंडू दे म्हटलं.

"अहो, गुण मिळणार नाहीत तर काय! तुमचे परीक्षक खोटी सून, खोटं मांजर, खोटी दुखणी सांगत होते. त्यांच्या खोट्या दुःखाला याने खोटं सांत्वन दिलं, त्यात कुणाला काय लागणार? पाचांपैकी पाच! पण त्या निवासगृहांतली माणसं खोटी घरं सांगणार आहेत का? ती खरंच सांगणार. त्यांची बायको खरंच गेलेली असणार. इतक्या महिन्यांत तुमच्या यंत्राला एकदाच कुणीतरी खरं सांगितलं आणि तुमची खरी परीक्षा झाली ती तेवढीच. ती तुम्ही पुसून टाकलीत. पुसलीत ती पुसलीत, वर तिचं दुःख वाचून, तेच घेऊन तिच्या मुलाला फोन केलात, की तुमच्या आईला भास होतात! लाज नाही वाटली?"

शास्त्रज्ञाने कुणी न सांगता नोंदीत खरं संभाषण परत टाकलं. पाचाच्या जागी एक आला. अट मोडली, सौदा बारगळला, हे सगळ्यांना कळत होतं. त्यालाही कळत होतं, आणि गप्पिष्ट तर त्याने बनवलेला.

"पुढच्या वेळी खरं बोलणारे परीक्षक बसवा," वहिनी त्याला म्हणाली. "आणि त्याला सांगा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं."

"मी विसरले नव्हते," मग ती मुलाला म्हणाली. दोनदा म्हणाली.

"नाही आई, विसरली नव्हतीस." त्याने खिशातून तिच्या घराची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिचा हात धरूनच बसला.

६

घरी आल्यावर वहिनीने चहा टाकला. भाचा खाली गाडीत बसून बायकोला फोनवर सगळं सांगत होता. आम्ही दोघीच होतो.

"तुम्ही विचारत का नाही?" ती म्हणाली.

"तुला सांगायचं असेल तर सांग."

"नळ मोठा सोडला होता," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "भांडी घासत होते. यांनी आतून हाक मारली. मला ऐकू आली होती, वन्सं. ऐकू आली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हालाही. पण आली होती. मी म्हटलं, आले, दोन भांडी राहिलीत. ती घासली, पालथी घातली, हात पुसले आणि मग गेले. तोवर..."

दादा माझाही होता. चहा उतू गेला, गॅस तिनेच बंद केला.

"त्याला सांगितलं, म्हटलं, हे कुठे माणूस आहे! तर ते म्हणालं, मलाही असंच झालं होतं, माझे यजमान हाक मारत होते आणि मी गेले नाही. आणि मला इतकं बरं वाटलं, वन्सं! वाटलं, चला, जगात अशी आणखी एक बाई आहे. मग डोक्यात आलं, अगं बाई, याला कुठले यजमान! इतका राग आला, पुढे कितीतरी वेळ मी त्याला नुसत्या शिव्या देत होते. ते आपलं माफ करा, माफ करा म्हणत बसलं."

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"वहिनी, मला असं कधी झालेलं नाही," मी म्हटलं. "तुला कसं वाटत असेल ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? पण दादाला मी लहानपणापासून ओळखते. तो दिवसभर हाका मारायचा. चष्मा कपाळावर असायचा आणि चष्म्यासाठी घर डोक्यावर घ्यायचा. लहानपणी एकदा त्याच्या हाकेने मी शाळेची तयारी टाकून धावत गेले, तर म्हणाला, काही नाही, तू आहेस का बघत होतो. प्रत्येक हाकेला धावली असतीस, तर या घरात एक तरी भांडं घासून झालं असतं का?"

तिने तोंडावर पदर घेतला. आधी मला वाटलं रडतेय, मग कळलं हसतेय, आणि मग दोन्ही.

"पेन," ती कशीबशी म्हणाली. "पेन कानावर ठेवून पेन मागायचे."

"आणि तू द्यायचीस दुसरं."

"द्यायचे. काय करणार?"

बराच वेळ आम्ही दोघी तिथेच ओट्याला टेकून डोळे पुसत होतो. चहा गार झाला तो तसाच प्यायलो. निघायची वेळ झाली तेव्हा ती कप घेऊन नळापाशी गेली.

"वहिनी," मी चपला घालता घालता विचारलं, "बरं वाटतंय का आता? जेवशील ना? आणि उद्या येऊ का मी?"

"येताना ती कुकरची शिट्टी तेवढी घेऊन या," ती म्हणाली, आणि तिने नळ मोठा सोडला.